पिंग येतोय, व्हॅल्यू येत नाहीत

माझ्या कामाच्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं, तर हेच, जे वर शीर्षकात लिहिलंय. पिंग येतो म्हणजे एका मशिनची हाक दुसऱ्याला पोचते आणि ओ येते; व्हॅल्यू म्हणजे त्याच्याकडून यायचे आकडे. फोन उचलला की पलीकडून कुणीतरी इन्स्ट्रुमेंटवाला सांगतो, "म्याडम, पिंग येतोय, पण व्हॅल्यू येत न्हाईत." आणि त्याच्या आवाजात एक सूर असतो की आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, आता तुमचं तुम्ही बघा.

ही गोष्ट २०२३ च्या ऑफ सीझनची. कृष्णाकाठचा एक साखर कारखाना. को-जनच्या (वीजनिर्मितीच्या) बॉयलरच्या कंट्रोल रूममधला सर्व्हर म्हातारा झाला होता, तो बदलायचा आणि ऑपरेटर बसतात ती चार स्टेशनं नव्या सर्व्हरला जोडायची. वर्क ऑर्डरमध्ये याला एक ओळ होती: 'सर्व्हर व क्लायंट जोडणी – १ जॉब'. त्याच्या वरच्या ओळीत खुर्च्या होत्या, सहा नग. खुर्च्यांना गादीचा रंग, हाताची उंची, सगळं लिहिलेलं. आमच्याला नुसतं '१ जॉब'.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉयलर चालवतो तो पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवण्यासाठीचा खास कॉम्प्युटर. पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा, आयडी फॅन (भट्टीतला धूर ओढणारा पंखा) किती जोरात फिरवायचा, हे तो ठरवतो, आणि स्क्रीन सगळ्या बंद पडल्या तरी तो आपलं काम करत राहतो. सर्व्हर त्याच्याकडून सगळे आकडे गोळा करतो, अलार्म काढतो, हिस्ट्री साठवतो. ऑपरेटरची स्टेशनं पीएलसीशी थेट बोलत नाहीत, सर्व्हरशी बोलतात. म्हणून सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं असतात: एक आत पीएलसीच्या नेटवर्कला, दुसरं बाहेर स्टेशनांच्या. जुन्या घरात माजघर आणि ओटी असते ना, तसं. सर्व्हर उंबऱ्यावर उभा. ओटीवर बसलेल्याने माजघरात डोकावायचं नाही, काय हवं ते उंबऱ्यावरच्याला सांगायचं. फायदा असा की चारही स्क्रीनवर एकच आकडा दिसतो, आणि एकाने अलार्म अ‍ॅक्नॉलेज केला की तो सगळीकडे होतो.

आमचा जुना 'सर्व्हर' म्हणजे खरं तर साधा विंडोज एक्सपीवाला पीसी होता. एक्सपी प्रोफेशनलला एका वेळी बाहेरून दहाच कनेक्शन चालायची. त्यात प्रिंटर, इंजिनिअरचा लॅपटॉप, कुणी उघडून ठेवलेलं शेअर फोल्डर, सगळे धरायचे. त्यामुळे जनरल मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून ट्रेंड (आकड्यांचा आलेख) उघडला की खाली कुणाचंतरी स्टेशन आंधळं व्हायचं, आणि याला कंट्रोल रूममध्ये 'सायेब बसले' असं म्हणायचे. हे असं पाच-सहा सीझन चाललं होतं.

नवा सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१९ चा. नवी स्टेशनं चार मागितली होती, संचालक मंडळाच्या मीटिंगमधून तीन बाहेर आली. चौथं म्हणून शिफ्ट इनचार्जच्या केबिनमधला विंडोज ७ वालाच ठेवायचा ठरला. "चालतंय की ते," असा निर्णय झाला.

केबलचं काम सोपं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला पाढ्यासारखा पाठ आहे आणि क्रिम्पिंग मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. शंभर मीटरच्या आत सगळी स्टेशनं होती. पत्ते दिले: सर्व्हरला १९२.१६८.१.१००, पुढचे पाच प्रिंटर आणि किरकोळ डब्यांनी आधीच खाल्लेले, म्हणून स्टेशनांना .१०६ ते .१०९. प्रत्येक मशिनच्या होस्ट फाइलमध्ये सगळ्यांची नावं लिहिली. पिंग केला. चारही बाजूंनी आला.

इथपर्यंत अर्धा दिवस. पुढचे चार दिवस व्हॅल्यू आल्या नाहीत.

आमचं सॉफ्टवेअर सर्व्हरशी बोलतं ते ओपीसी नावाच्या पद्धतीने, तेही जुन्या. १९९६ साली हे ओपीसी आलं तेव्हा त्याचा उद्देश फार चांगला होता: प्रत्येक कंपनीच्या पीएलसीसाठी वेगळा ड्रायव्हर लिहायचा जाच संपवायचा. पण ते उभं केलं मायक्रोसॉफ्टच्या डीकॉमवर, म्हणजे एका मशिनवरच्या प्रोग्रॅमने दुसऱ्या मशिनवरच्या प्रोग्रॅमशी बोलायच्या सोयीवर. आणि डीकॉमचा स्वभाव असा की पहिलं बोलणं १३५ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशिनचं नंबर दिलेलं दार) करतो, आणि पुढचं बोलणं कुठल्या पोर्टवर करायचं ते ऐन वेळी ठरवतो, ४९१५२ पासून वर कुठेही. लग्नाच्या पत्रिकेवर हॉलचं नाव छापायचं आणि जेवण कुठे ते तिथे आल्यावर सांगायचं, अशातला प्रकार. फायरवॉल लावणाऱ्याने काय करायचं?

मी २००५ मध्ये ट्रेनी म्हणून लागले तेव्हा आदल्याच वर्षी एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला होता. त्याने फायरवॉल आपोआप चालू केली, डीकॉमच्या परवानग्या आवळल्या, आणि ठिकठिकाणची ओपीसी जोडणी गप्प झाली. आमच्या सिनियरनी मला जो पहिला मंत्र दिला तो असा: "फायरवॉल बंद कर, एव्हरीवनला फुल कंट्रोल दे, पुढे चल." म्हणजे कुणालाही, सगळं करायची मोकळीक. मी तो कित्येक वर्षं पाळला. कुणी त्याला चूक म्हणत नव्हतं, कारण ट्रायलच्या रात्री ते चालायचं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा कॉम्प्युटर अडवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम जगभर फिरला त्या आठवड्यात मी माझ्या जुन्या साइटची यादी काढून बसले होते, कुठे कुठे मी हा मंत्र म्हटलाय ते आठवत. झोप चांगली लागली नव्हती.

म्हणून या वेळी नीट करायचं ठरवलं. सर्व्हरवर 'ऑपरेटर' नावाचा युजर केला, स्टेशनांवरही तोच युजर, तोच पासवर्ड. डोमेन, म्हणजे सगळ्यांचे युजर एकाच जागी सांभाळायची सोय, नसली की हाच मार्ग: दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड तंतोतंत सारखे, म्हणजे विंडोज त्यांना एकच माणूस मानतं. पासवर्डची मुदत संपणार नाही यावर टिचकी मारली. (ही टिचकी विसरले की काय होतं ते मला माहीत आहे. लोकल अकाउंटची मुदत मुळात ४२ दिवसांची असते. एका केमिकल प्लँटमध्ये माझं काम उत्तम चालू होतं, कौतुकही झालं, आणि त्रेचाळिसाव्या दिवशी कुणीतरी एक स्टेशन रीस्टार्ट केलं.) फायरवॉल चालू ठेवली, हवं तेवढंच उघडलं.

स्टेशन एकवर सॉफ्टवेअर उघडलं. सर्व्हर दिसला. टॅगची (एकेका मोजमापाच्या नावांची) अख्खी यादी दिसली: ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, स्टीम फ्लो, फीड वॉटर फ्लो, भट्टीचं ड्राफ्ट. टॅग स्क्रीनवर ओढले. आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह. ओळीने प्रश्नचिन्हं.

इथेच बहुतेक जण हात टेकतात आणि एव्हरीवनकडे वळतात. मीही दीड दिवस वळायच्या बेतात होते. गंमत अशी आहे की यादी मागताना स्टेशन सर्व्हरकडे जातं, पण आकडे येताना उलट होतं. स्टेशन सर्व्हरला सांगून ठेवतं की हे टॅग बदलले की मला कळव. मग आकडा बदलला की सर्व्हर स्वतः स्टेशनच्या दारात येतो. म्हणजे त्या क्षणी पाहुणा सर्व्हर असतो आणि यजमान स्टेशन. आपण त्यांच्याकडे गेलो, त्यांनी चहा पाजला. ते उलटभेटीला आले, तर आपल्या वॉचमनने हाकलून लावलं.

आमच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर सर्व्हिस म्हणून चालत होतं आणि ती सर्व्हिस 'स्काडा' नावाच्या वेगळ्या युजरने चालायची. 'ऑपरेटर'ला सर्व्हर ओळखत होता. 'स्काडा'ला स्टेशन ओळखत नव्हतं. स्टेशनवर तो युजर केला, त्याच पासवर्डने, आणि स्टेशनच्या फायरवॉलमध्ये सर्व्हरच्या पत्त्यासाठी वाट दिली. प्रश्नचिन्हं गेली, आकडे आले. बॉयलर थंड होता, त्यामुळे सगळे शून्याच्या आसपासचे, पण हलणारे. ड्राफ्ट उणे शून्य पॉइंट दोन, मग उणे शून्य पॉइंट तीन. मी तिथे एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

अलार्मच्या यादीत मात्र स्टेशन दोन सगळं साडेबारा तास मागे दाखवत होतं. नवं विंडोज टाकताना टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच राहिला होता. ते पाच मिनिटांत झालं.

मग केबिनमधला विंडोज ७. त्याला सर्व्हर थेट 'प्रवेश नाकारला' म्हणत होता. त्याच पद्धतीने युजर केले, पासवर्ड केले, तरी नाकारला. सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये १००३६ नंबरची ओळ सापडली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मायक्रोसॉफ्टने डीकॉममधली एक फट बुजवायला घेतली होती: जून २०२१ मध्ये सुरुवात केली, जून २०२२ पासून ती सगळ्यांना लागू केली पण बंद करायची सोय ठेवली, आणि १४ मार्च २०२३ ला ती सोयही काढून घेतली. आता बोलणाऱ्याने आपलं बोलणं वाटेत कुणी बदललेलं नाही याची खूण सोबत आणलीच पाहिजे. आमचा सर्व्हर अपडेट झालेला, नव्या शिस्तीचा. विंडोज ७ जुन्या वळणाचा, नुसतं नाव सांगून आत येणारा. त्याच्या डीकॉम सेटिंगमध्ये 'कनेक्ट' होतं ते 'पॅकेट इंटिग्रिटी' केलं, मशिन रीस्टार्ट केलं, आणि जोडलं गेलं. माझं नशीब की ते जुनं सॉफ्टवेअर मशिनची सेटिंग मानत होतं. काही सॉफ्टवेअरं आपली पातळी स्वतःच ठरवून येतात, त्यांच्यापुढे काही चालत नाही.

कुणी विचारेल की २००८ पासून ओपीसी यूए आहे, एकच पोर्ट, ४८४०, सर्टिफिकेटची पद्धत, डीकॉमचं नाव नाही, मग हा उपद्व्याप कशाला? अगदी बरोबर. नवं काम असेल तर मी दुसरं काही सुचवतच नाही. इथे त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागणार होतं, आणि खुर्च्या आधीच आल्या होत्या.

आता खरी गोष्ट.

दसऱ्याच्या आधी अग्निप्रदीपन झालं, आणि नंतर एका रात्री बॉयलर ट्रायलला घेतला. प्रेशर हळूहळू चढवायचं, फीड वॉटर मॅन्युअलवर. तीन नंबरच्या स्टेशनवर, म्हणजे पाणी आणि वाफ बघणाऱ्या जागेवर, अण्णा बसले होते. अण्णांची रिटायरमेंट दोन सीझनवर आलेली. पूर्वी प्रत्येक लूपला भिंतीवर वेगळा कंट्रोलर असायचा, तेव्हापासूनचे ते. माऊस ते चिमटीत धरतात, तपकीर धरावी तसा. मी मागे उभी राहून चहा पीत होते.

अण्णा म्हणाले, "म्याडम, ही लेव्हल खोटी बोलतीया."

मी पाहिलं. ड्रम लेव्हल ५२.४. हिरवा रंग, अलार्म नाही, प्रश्नचिन्ह नाही.

"अण्णा, बरोबर मध्यावर आहे की."

"तेच की. मध्यावर हाय आन् गप हाय. ड्रमाची लेव्हल अशी शाण्यासारखी कवा बसती व्हय? तान्ह्या पोरागत चुळबुळ करती ती."

आणि त्यांनी मानेने भिंतीवरच्या टीव्हीकडे खूण केली. त्याच संध्याकाळी ड्रमच्या गेज ग्लासवर नवा कॅमेरा बसला होता, आणि टीव्हीवर काचेतलं पाणी खाली, बरंच खाली दिसत होतं. तिथेच थोडं वरखाली डुचमळत.

अण्णा उठले ते थेट दोन नंबरच्या स्टेशनवर जाऊन बसले. तिथे तीच स्क्रीन उघडली: लेव्हल ३१ आणि उतरती. फीड वॉटरचा व्हॉल्व्ह त्यांनी थोडा उघडला, थांबले, आणखी थोडा. एकदम उघडला तर गार पाण्याने लेव्हल आधी आणखी खाली बसते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. दहा मिनिटांत लेव्हल जागेवर आली. पीएलसीमध्ये लो लेव्हलची ट्रिप (पातळी फार उतरली की बॉयलर आपोआप बंद करायची सोय) होतीच, ती या स्क्रीनांवर अवलंबून नाही, त्यामुळे ट्यूब जळायची वेळ आली नसती. पण माझे पाय गार पडले होते. प्रश्नचिन्ह आलं असतं तर मला काही वाटलं नसतं. इथे स्टेशन आत्मविश्वासाने पंचवीस मिनिटं जुना आकडा दाखवत होतं.

सर्व्हरवर बसून एआरपीचा तक्ता काढला, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या नेटवर्क कार्डाचा आहे त्याची यादी. .१०८, म्हणजे अण्णांच्या स्टेशनसमोर जो कार्डाचा क्रमांक होता, तो माझ्या वहीत लिहिलेला नव्हता. पहिले तीन आकडेसुद्धा वेगळे. म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी डब्याने .१०८ घेतला होता. टॉर्च घेऊन रॅककडे गेले. माझ्या सगळ्या केबल निळ्या. स्विचच्या आठव्या पोर्टात, म्हणजे केबल खोचायच्या खाचेत, एक पिवळी. तिच्यामागे गेले, ट्रे ओलांडून, फॉल्स सीलिंगमधून, आणि पोचले टीव्हीच्या मागे. कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा. नवा कोरा, फॅक्टरीतून येतो त्याच पत्त्यावर, १९२.१६८.१.१०८.

ज्या कॅमेऱ्याने लेव्हल खोटी असल्याचं दाखवलं, त्याच्याच डब्याने ती खोटी केली होती. कॅमेरावाल्याला ऑफिसमधून मोबाइलवर चित्र बघायची सोय द्यायची होती, त्याला रॅकमध्ये रिकामं पोर्ट दिसलं. रिकामं पोर्ट दिसलं की लोकांचा हात आवरत नाही. त्याला फार बोलले नाही. कुलूप न लावता रॅक मीच सोडला होता.

मला झोंबलं ते वेगळं. पत्त्याची टक्कर झाली, सर्व्हरचे आकडे डीव्हीआरकडे जायला लागले, ठीक. पण स्टेशनला कळलं का नाही? कारण आकडा बदलला की कळव, एवढाच करार होता. सर्व्हर गप्प आहे याचे दोन अर्थ होतात: काही बदललं नाही, किंवा वाटच तुटली. स्टेशनने पहिला अर्थ घेतला. नव्या ओपीसी यूएमध्ये सांगायला काही नसलं तरी ठरावीक वेळाने 'मी आहे' असा निरोप जातो. आमच्या जुन्यात तो नव्हता. विंडोजने टक्कर झाल्याची नोंद स्टेशनच्या लॉगमध्ये केली होती, नंतर पाहिली. पूर्ण स्क्रीनभर बॉयलर असताना लॉग कोण उघडतो?

त्याच रात्री पीएलसीमध्ये एक काउंटर लिहिला. शून्य ते एकोणसाठ, दर सेकंदाला एक. तो प्रत्येक स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दिसतो. पाच सेकंद तो हलला नाही की अख्ख्या स्क्रीनभोवती लाल पट्टा येतो आणि मोठ्या अक्षरात 'डेटा जुना'. ही तपासणी स्टेशनवरच चालते, सर्व्हरवर नाही. तुटलेल्या वाटेची बातमी त्याच वाटेने येणार कशी? अख्खं काम वीस मिनिटांचं. एवढ्या वर्षांत आधी का केलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. डीव्हीआरला दुसरं नेटवर्क दिलं, रॅकला कुलूप लावलं, वापरात नसलेली पोर्टं स्विचमधूनच बंद केली.

ऑपरेटरांनी त्या काउंटरचं नाव 'धडधड' ठेवलं. शिफ्ट बदलताना वहीत लिहायला लागले: 'धडधड चारी ठीक.'

जानेवारीत, गाळप ऐन भरात असताना, रात्री सव्वादोनला अण्णांचा फोन आला.

"म्याडम, तीन नंबरची धडधड गेली. लाल झालंय."

मी उठून बसले. "लेव्हल?"

"लेव्हल दोन नंबरवर बघतोय की. पन्नास हाय. चुळबुळ करतीया."

"रॅक बघितला का? लाइट लागतोय पोर्टावर?"

"न्हाई. केबल बघितली म्या. उंदरानं खाल्लीया, ट्रेच्या वळणावर." मग जरा थांबून, "सकाळी आठपातर येऊ नका. बारीक पोरगं हाय ना घरात? आमचं चाललंय."

मी फोन ठेवला, क्रिम्पिंगचा टूल आणि आठ-दहा कनेक्टर पर्समध्ये टाकले, आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतलं.